टाचण्या टोचलेली माती

शेजारच्या भावकूंच्या भिंतीलगत बारा ठोकळे होते. तीन नुसत्या तांबड्या मातीचे. नऊ चुना आणि भाताच्या तुसाची राख मिसळलेले. प्रत्येकात एक टाचणी आणि तिला क्रमांकाची चिठ्ठी. सौम्यानं ते आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवले होते. गुंजीतल्या त्या आळीत दिवसभर सावली फक्त शेजाऱ्यांच्याच भिंतीला असे.

सोमवारी रस्त्याचा कंत्राटदार नागेंद्र येणार होता. ठोकळे पाण्यात टिकले, तर शेतरस्त्याला हीच माती वापरायची आणि चाचण्यांच्या कामावर सौम्याला घ्यायचं, असं ठरलं होतं.

सोमवारी सकाळी गोणपाट होतं, ठोकळे नव्हते. जागेवर कापलेलं लिंबू आणि कुंकू.

लिंबू बघताच सौम्याच्या आईनं, अंबुबाईंनी, पदर खोचला. "मालुबाईनंच करणी केल्या! तुझी नोकरी बघवंना तिला."

भिंतीवरून भावकूंच्या बायकोचं, मालुबाईंचं, डोकं वर आलं. "आमी? राख, चुना, वर सुया टोचून आमच्या भितीला कुणी लावलतं? तवापास्नं आमची म्हस दूध द्यायना!"

"म्हस गाभण हाय तुमची."

"ते तुमास्नी कसं ठावं? नजर हाय म्हणूनच न्हवं!"

"काकू, रस्त्यासाठी हाय ते," सौम्या म्हणाली. "चुन्यानं माती घट्ट हुत्या."

"रस्त्याला सुया लागत्यात व्हय गं?"

मागून भावकू बोलले, "करणी वाहत्या पाण्यात सोडायची असत्या. काल सांजच्याला सहा वाजता ओढ्यात सोडून आलो."

"कुठल्या जागी, काका?"

"मागं वळून बघायचं नसतंय. कसं सांगू?"

तेवढ्यात नागेंद्र आला. सगळेच ओढ्यावर निघाले. मालुबाईंनी करणी वाढवू नये म्हणून अंबुबाई, आणि अंबुबाईंनी ती परत घरी आणू नये म्हणून मालुबाई.

ओढ्यावरच्या मोरीखाली ठोकळे सापडले. चुन्याचे सगळे शाबूत होते. नुसत्या मातीच्या जागी लाल गाळ आणि तीन टाचण्या.

सौम्या पाण्यात उतरली. मालुबाई मात्र दोन पावलं मागं सरल्या. "बघा! माती असती तर इरघळली असती."

"लई कडक करणी हाय," भावकू म्हणाले.

नागेंद्रनं एक ठोकळा दगडावर आपटला. फुटला नाही. त्यानं सौम्याकडं तिरकं बघितलं. "मॅडम, खरं सांगा. आत सिमेंट घातलंय."

"नाही, सर."

"सगळे असंच म्हणतात. साक्षीला कोण हाय?"

सौम्यानं ठोकळे एकटीनंच ठोकले होते.

"मी हाय की!" मालुबाई उसळल्या. "सिमेटाचा कण न्हाय त्यात. पयल्या दिसापास्नं भितीआडनं बघतोया आमी. राख न् चुनाच मळत हुती ही. देवाची आण घेतो!"

नागेंद्रनं मोजपट्टी काढून सौम्याच्या हातात दिली. "मग लिहा, मॅडम, पहिली नोंद."

ओढ्याच्या पाण्यात सोळा तास. नुसती माती: तीनपैकी शून्य. चुना आणि राख: नऊपैकी नऊ. जास्तीत जास्त झीज दोन मिलिमीटर.