कर्नलचा कान

ओडेल थ्रिफ्टने खालच्या जबड्यातले उरलेसुरले नऊ दात मंगळवारी सकाळी एकदमच काढून घेतले. दोन-तीन तास ओठ आणि जीभ बधिर राहतील, बोलायची घाई करू नका, असं दंतवैद्याने बजावलं होतं. ओडेलला त्याचं काही वाटलं नाही. एरवीही तो फारसा बोलत नसे. दिवसाकाठी त्याला दोनच शब्दांची गरज पडे, 'धर' आणि 'सोड', आणि तेही कुत्र्यांशी.

कुत्री म्हणजे त्याचे पांढरे बुलडॉग. दक्षिण जॉर्जियाच्या त्या भागात रानडुकरं शेंगांची शेतं उकरू लागली, किंवा एखादा माजलेला बैल कुंपण तोडून पाइनच्या रानात शिरला, की लोक थ्रिफ्टचं कुत्रं बोलावून नेत. पिलं दोन महिन्यांची झाली की ओडेल त्यांच्यापुढे कातड्याचा तुकडा नाचवी. जे दातांनी लोंबकळत राही ते ठेवून घेई, बाकीची अंगण राखायला देऊन टाकी. "पकडणं रक्तातच असतं," तो म्हणे, "सोडणं शिकवावं लागतं, आणि त्यात वर्ष जातं." बाकीचे कुत्रेवाले जबडा उघडायला खिशात लाकडी पाचर बाळगत. ओडेलच्या घरात पाचर नव्हती. "ज्याला पाचर लागते त्यानं कोंबड्या पाळाव्यात," हे तो चाऱ्याच्या दुकानात दर आठवड्याला ऐकवी. शिवाय त्याची कुत्री फक्त त्याच्याच आवाजाला सोडत. याचा तर त्याला विशेष अभिमान होता.

बायकोबरोबर तो घरी पोचला, तेव्हा मागच्या अंगणात नासपतीच्या झाडाखाली एक डुक्कर पडलेली फळं खात होतं. डुक्कर साधंसुधं नव्हतं. तो शेजारच्या हार्मन ग्रिफिसचा कर्नल होता. वजन साडेतीनशे किलो, रोज तेलाने मालिश, आणि येत्या शनिवारी जिल्ह्याच्या जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत त्यालाच मिळणार, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

हार्मनशी ओडेल अकरा वर्षं बोलत नव्हता, हार्मनची बायको बेसी वारली तेव्हाही नाही. अकरा वर्षांपूर्वी हार्मनने त्याच्याकडून एक दहा महिन्यांचा कुत्रा नेला, तिसऱ्या दिवशी परत आणून बांधला आणि भर दुकानात सांगितलं, "या कुत्र्याला पकडच नाही." बापाला शिवी दिली असती तर ओडेलने एखाद्या वर्षात माफ केलं असतं.

त्याची बायको वर्लीन टॅन्सी नावाच्या कुत्रीला खायला घालायला पिंजऱ्याचं दार उघडत होती. तेवढ्यात ओडेलने दोन्ही हात हवेत फेकले आणि कर्नलला ओरडून म्हणाला, "हाड!"

म्हणजे त्याला तसं म्हणायचं होतं. बधिर तोंडातून बाहेर पडलं ते "घऽर!" टॅन्सीने त्यातून 'धर' हा आपल्याला हवा तो अर्थ घेतला. तीन ढांगांत तिने अंगण ओलांडलं आणि कर्नलचा उजवा कान बुडापाशी धरला. कर्नलची किंकाळी गावातल्या चर्चपर्यंत गेली असेल.

"सोड!" ओडेल म्हणाला.

"फोव्!" असं ऐकू आलं. टॅन्सीने शेपूट हलवून पकड घट्ट केली.

"फोव्! व्होल्!"

"अरे, तू गप्प बस आधी!" वर्लीन म्हणाली. "तुझ्या दर शब्दाला तिला चेव चढतोय. मी बघते." अडतीस वर्षं ती हा आवाज ऐकत आली होती. तिने हनुवटी छातीला टेकवली, आवाज खोल नेला आणि म्हणाली, "सोड, टॅन्सी."

टॅन्सीने डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे करुणेने पाहिलं.

मग वर्लीनने दवाखान्यात फोन केला. बधिरपणा लवकर उतरायचं काही औषध नाही, गार काही खायला द्या, असं तिथल्या बाईने सांगितलं. "खायचंय कुणाला? एक शब्द बोलायचाय!" वर्लीनने फोन आपटला. आता डुकराच्या मालकाला बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हार्मन पाच मिनिटांत आला. कुंपणाच्या आत त्याने अकरा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. "ओडेल! त्या कुत्रीला बाजूला कर!"

ओडेलने दवाखान्याच्या कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलं : 'ओढू नको. कान फाटेल.'

"पाचर आण मग!"

ओडेलने मान खाली घातली.

"याच्या घरात पाचर नसते," वर्लीनने खुलासा केला. "कोंबडीवाल्यांकडे असते."

फाटक्या कानाच्या डुकराला फीत मिळत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. वर्लीनने दोन्ही जनावरांवर बादलीभर पाणी ओतलं. ते कर्नलला फार आवडलं. तो हळूच बसला, मग आडवा झाला. टॅन्सीही कान तोंडात ठेवूनच त्याच्या शेजारी पसरली. जोवर कर्नल हलत नव्हता, तोवर कानाला धोका नव्हता. म्हणून हार्मन एका बाजूला बसून कर्नलचं पोट खाजवू लागला आणि ओडेल दुसऱ्या बाजूला टॅन्सीची मान धरून बसला. वर्लीनने मधे उकडलेल्या शेंगांचं भांडं आणून ठेवलं आणि ती आत गेली. ओडेलला शेंगा चावता येत नव्हत्या. तो बघत राहिला.

अर्ध्या तासाने कर्नल घोरू लागला. गप्प बसणं हार्मनच्या स्वभावात नव्हतं. तो आधी हवामानावर बोलला, मग गुडघ्यावर. समोरून उत्तर येत नाही म्हटल्यावर त्याला धीर आला.

"तू बोलू शकत नाहीयेस, तोवर सांगूनच टाकतो," तो कर्नलच्या पोटाकडे बघत म्हणाला. "तो कुत्रा. त्याला पकड नाही असं म्हणालो ना मी? खोटं होतं ते."

ओडेलने मान वळवली.

"तू म्हणाला होतास, अजून दोन महिने थांब, सोडायला शिकवतो. मलाच घाई. तर दुसऱ्या दिवशी मी मागच्या जिन्यानं वर चढत होतो, आणि त्यानं मला धरलं. मागून. पँटसकट."

ओडेलच्या घशातून एक आवाज आला.

"वर जाता येईना, खाली येता येईना. समोर बेसी. आणि नेमका विम्याचा माणूस आलेला, तो कागद घेऊन उभा. बेसी हसून हसून मटकन खाली बसली. पुढं आजारी पडली तरी त्या जिन्याकडं बघितलं की हसायची बिचारी. शेवटच्या महिन्यातसुद्धा. आता हे मी दुकानात सांगायचं होतं का? म्हटलं, कुत्र्याला पकड नाही. मिटलं."

खरं तर मघापासून ओडेलचा खालचा ओठ चुरचुरत होता आणि जीभ हिरडीला लागलेली कळत होती. त्याने बंद तोंडात 'सोड' दोनदा म्हणून पाहिलं होतं. शब्द बिनचूक जमत होता.

"किती वेळ धरलं होतं?" त्याने विचारलं.

"पाऊण तास," हार्मन म्हणाला, आणि मग त्याच्या हातातली शेंग खाली पडली. "तुला बोलता येतंय!"

"हार्मन. किती वेळ?"

हार्मनने पडलेली शेंग उचलली. "पावणेदोन तास."

प्रार्थनेत मिटावेत तसे ओडेलने क्षणभर डोळे मिटले. "सुरुवातीपासून सांग," तो म्हणाला. "जिना किती पायऱ्यांचा होता?"

"नऊ. मी तिसरीवर होतो. हातात अंड्यांची टोपली..."

"सोड," ओडेल हलकेच म्हणाला.

टॅन्सीने तत्क्षणी कान सोडला. दातांच्या चार खुणा होत्या, बाकी कान शाबूत होता. कर्नल घोरतच होता. हार्मनच्याही काही लक्षात आलं नाही. तो विम्याचा माणूस काय म्हणाला ते सांगत होता, आणि सांगता सांगता आता त्यालाही हसू आवरत नव्हतं.