बटणची उंची

देवाने घोड्याला केस दिले हिवाळ्यासाठी आणि माणसाने घोड्यांची प्रदर्शनं ठेवली वसंतात. ही दोन खाती एकमेकांना विचारून काम करती, तर जगातला निम्मा वैताग वाचला असता. तसं होत नाही, म्हणून तर आमच्या कुरांब्याच्या लहान-घोडा मंडळाला भर ऑगस्टच्या थंडीत (पृथ्वीच्या आमच्या खालच्या अंगाला हिवाळा तेव्हाच असतो) घोडे भादरण्याचं कार्य करावं लागतं. घोड्याला केसांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ते काढायचे. मग तो कुडकुडतो म्हणून त्याला दोन झुली, एक टोपडं आणि आपल्या झोपायच्या खोलीतला हीटर द्यायचा. (नियमावलीत याला 'नैसर्गिक सौंदर्य जपणे' असं म्हटलंय.)

मर्ल हॉकिंगचा घोडा बटण. कागदोपत्री त्याचं नाव रॉयल थंडर, पण तो कोंबड्यांना घाबरायचा, त्यामुळे घरी बटणच. गेली पाच वर्षं तो दुसरा येत होता आणि पहिला येत होता शेजारच्या डॅफ्नीचा घोडा. डॅफ्नी मनाची इतकी मोठी, की दरवर्षी सगळ्यांसमोर मर्लला मिठी मारून म्हणायची, "दुसरं येणंही काही कमी नाही गं." ते ऐकून ऐकून मर्लला डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं. यंदा पहिल्या नंबरची निळी फीत आणायचीच, नाहीतर घोडा विकून बदकं पाळायची, असं तिने नवऱ्याला, क्लेमला, सांगून टाकलं होतं.

आड येत होती ती उंची. लहान घोडा म्हणजे चौतीस इंचांपर्यंतचा. केसभर वर गेला की तो लहानही राहत नाही आणि मांडवातही राहत नाही. मोजायचं आयाळीचा शेवटचा केस जिथे उगवतो तिथून जमिनीपर्यंत. (साधारणपणे तो केस खांद्यापाशी असतो. 'साधारणपणे' हे नियमात लिहिलेलं नाही.) बटण भरला साडेचौतीस. मर्लचं म्हणणं, वरचा अर्धा इंच म्हणजे नुसते केस.

क्लेमने जन्मभर मेंढ्या भादरलेल्या. तो म्हणाला, मी गुडघ्यांत धरतो आणि चहा उकळायच्या आत मोकळा करतो.

"तू भादरलेलं जनावर मागे न बघता पळतं, क्लेम. मला हे मिरवायचंय."

तिने रेनकोट चढवला आणि भादरायचं यंत्र चालू केलं. दुपारपर्यंत केसांची तीन पोती भरली. त्यांतून क्लेमचा ईस्टरपासून हरवलेला चष्मा निघाला, चिमणीचं एक घरटं निघालं, आणि डॅफ्नी तर शपथेवर सांगते की एक कोकरूही निघालं. वरून चॉकलेटी असलेला बटण आतून राखाडी निघाला, आणि अंगभर यंत्राचे पट्टे.

क्लेम दारातून म्हणाला, "मेंढीवर असे पट्टे काढले असते, तर मालकाने माझीच लोकर काढली असती."

उंची भरली सव्वाचौतीस. केस गेले, घोडा तिथेच.

मग मर्लने डोकं चालवलं. आयाळ मागून बोटभर कापली, तर शेवटचा केस पुढे सरकतो. पुढे मान जरा खोलगट आहे. म्हणजे घोडा तोच, उंची कमी. तिने बोटभर कापली आणि बटण बरोबर चौतीसवर आला. इथे शहाण्या बाईने थांबायचं. पण आरशासमोर उभं राहून जिने एकदा तरी कपाळावरचे केस स्वतः कापलेत, तिला पुढचं सांगायला नको. डावीकडून जास्त कापलं गेलं, म्हणून उजवीकडून. उजवीकडून तिरकं झालं, म्हणून पुन्हा डावीकडून. दिवे लागले तेव्हा बटणच्या दोन कानांमध्ये एक झुलूप उरलं होतं, आणि बाकी मान कलिंगडासारखी गुळगुळीत.

प्रदर्शनाच्या दिवशी मोजणीला आयव्हर क्विल्टी. त्याची हयात पोस्टात पार्सलं मोजण्यात गेलेली. तो मोजकाठी घेऊन आला की मांडवातली झाडून सगळी माणसं पोट आत ओढतात. काठी माणसांसाठी नसते हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ओढतात.

आयव्हरने खांदा पाहिला, मान पाहिली, आणि चष्मा पुसत कानांपर्यंत गेला. तिथे केस होते. तेच शेवटचे, कारण तेवढेच होते.

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

"आयव्हर, तो तुझ्या कमरेलासुद्धा येत नाही."

"माझ्या कमरेबद्दल नियमात काही नाही, मर्ल."

मर्लला डोळ्यांसमोर बदकं दिसायला लागली. तेवढ्यात क्लेमच्या हातातून लॅमिंग्टन केकचा तुकडा खाली पडला. (पडला की पाडला, यावर त्या घरात अजून एकमत नाही.) बटणने मान खाली घातली आणि तो खायला लागला.

"आता मोज," क्लेम म्हणाला.

बारा इंच भरले.

डॅफ्नीने हरकत घेतली. कमिटी चहाच्या तंबूत बसली, आणि तोंडं पुसत बाहेर येऊन निकाल दिला: चारही पाय जमिनीवर असावेत असा नियम आहे, ते होते. डोकं कुठे असावं याबद्दल नियम नाही. घोडा पास.

पण बारा इंचांचा घोडा मोठ्यांत उतरवता येईना. बारा इंचांना बसणारा गट निघाला नुकत्याच जन्मलेल्या शिंगरांचा. तेव्हा नऊ वर्षांचा बटण आयांना लुचणाऱ्या शिंगरांच्या रांगेत उभा राहिला. परीक्षकांनी शेरा दिला, 'वयाच्या मानाने दात उत्तम.'

तो दुसरा आला. पहिलं आलं डॅफ्नीचं शिंगरू, जे मैदानात झोपलं होतं.

डॅफ्नी हात पसरून यायला लागली, तसा मर्लने डावा कान पुढे केला.

बदकं काही आली नाहीत. पुढच्या हंगामात कुरांब्यात एकाही घोड्याला आयाळ नव्हती, आणि लॅमिंग्टन मिळेनासे झाले. मर्लने यंत्राला नवीन पाती आणलीत. लांबून लोक येतात आणि आम्हाला हसून जातात. हसू देत. मोजकाठी दिसली की अंग चोरायचं, हे आम्ही निदान उघड्यावर करतो.

तुम्हीही मघाशी, आयव्हर काठी घेऊन आला तेव्हा, पोट आत ओढलंत. सोडा आता. मोजणी घोड्यांची होती.