तुमचाच माणूस

पंधरा दिवसांत आजी उभ्या राहिल्या नाहीत तर पुन्हा कधीच उभ्या राहणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले आणि वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी ते प्रकरण तसंच्या तसं फिजिओच्या गळ्यात घातलं.

आजी सात नंबरच्या खोलीत होत्या. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण पडताना डोक्यालाही मार बसला होता आणि त्यातून एक अजब गोष्ट घडली. पन्नास वर्षं संसार करत शिकलेली इथली भाषा साफ पुसली गेली. उरली ती फक्त माहेरची, नॉर्वेजियन. फिजिओ म्हणायचा, "आजी, उठा बरं." आजी त्याच्याकडे बघून भलंमोठं काहीतरी बोलायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. मोबाइलमधून भाषांतर ऐकवून पाहिलं, तर त्यांनी मोबाइल काढून घेतला, उशीखाली दाबला आणि वर डोकं ठेवून झोपून गेल्या. मुलगी परदेशात, तिला यायला तीन आठवडे लागणार होते.

"चार शब्द शिका की हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "एवढे शिकलेले तुम्ही."

फिजिओ पन्नाशीचा, सरळमार्गी, कामाला चोख माणूस. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यानं दोन दिवस धूळ खाल्ली, तेव्हा कुठे नॉर्वेजियनचं एक पुस्तक हाती लागलं. पहिला धडा 'माझे कुटुंब'. 'ऊठ, बस, चाल' आठव्या धड्यात असल्याचं अनुक्रमणिकेत दिसत होतं, पण पुस्तक चौथ्या धड्यालाच संपत होतं. पुढची पानं गायब.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. हा पुस्तक घेऊन समोर बसला.

"मोर म्हणजे आई."

"आणि लांडोर?"

"मध्ये बोलू नकोस. मोरमोर म्हणजे आईची आई. फार म्हणजे बाप. फारफार म्हणजे बापाचा बाप."

"फारच झालं म्हणायचं."

"आता व्याकरण. मान म्हणजे माणूस. एन मान, म्हणजे कुणीतरी एक माणूस. पण तोच ओळखीचा असला, की पुढचा 'एन' उचलून शेपटाला चिकटवायचा. मानन. तो माणूस."

"अस्सं! ओळख नाही तोवर पुढे पुढे, ओळख झाली की मागे मागे. तुमच्यासारखंच."

त्यानं लक्ष दिलं नाही. 'मूल' हा शब्द त्यांच्याकडेही नपुंसकलिंगी आहे, हे त्याला तेवढ्यात सापडलं होतं. इतक्या लांबच्या दोन भाषांना ते मूल बघून तो किंवा ती म्हणावंसं वाटू नये, याची त्याला फार गंमत वाटली. पान उलटून तो म्हणाला, "आणि 'तुझा' म्हणजे दीन."

"बरोबर आहे. एकदा तुझा म्हटलं, की दीनच की हो."

घाबरलेल्या पेशंटला धीर देताना फिजिओचं एक ठरलेलं वाक्य असायचं, 'अहो, मी तुमचाच माणूस आहे.' पहिल्या धड्याच्या भांडवलावर तेवढं वाक्य बसत होतं. त्यानं ते रात्रीतून घोटलं.

सकाळी सात नंबरमध्ये जाऊन, छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "यै एर मानन दीन."

आजींनी मान वळवली. खुणेनंच चष्मा मागितला. चष्मा लावून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हळू आवाजात एक प्रश्न विचारला. प्रश्न कळला नाही, पण गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून फिजिओनं तोंडाला येईल तो शब्द ठेवून दिला, "फारफार."

आजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, त्याचा हात धरला, आणि उभ्या राहिल्या. त्या दिवशी चार पावलं झाली.

मेट्रनबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. फिजिओला 'पंडित' असं नाव पडलं आणि तेही त्याला आवडलं. रोज सकाळी तो छातीवर हात ठेवून वाक्य म्हणायचा, आजी सुस्कारा सोडून उठायच्या. चाराची दहा पावलं झाली, दहाची पन्नास. पंधराव्या दिवशी डॉक्टर येऊन बघून गेले आणि त्याची पाठ थोपटून गेले. चालताना आजी सारखं काहीबाही बोलत. मधेच त्याच्या कपाळाला हात लावून बघत. एकदा त्यांनी त्याला कॉरिडॉरच्या बाकावर बसवलं आणि बळेबळे पाणी प्यायला लावलं. 'रुग्ण अजून गोंधळलेली, प्रगती उत्तम,' असं तो फाइलमध्ये रोज लिहीत होता.

"तुम्ही रविवारी नसता," मेट्रनबाई म्हणाल्या. "तो मंत्र बाकीच्यांनाही शिकवून ठेवा."

पंडितांनी भिंतीवर वाक्य लिहून दिलं. मग आचारी जेवणाचं ताट ठेवताना म्हणू लागला. वॉचमन येता-जाता खिडकीतून म्हणू लागला. झाडणाऱ्या मावशी तर खराटा थांबवून, सगळ्यांत मोठ्यानं म्हणायच्या, "यै एर मानन दीन, बरं का आजी!"

तिसऱ्या आठवड्यात मुलगी आली. ती आईच्या पलंगावर बसलेली असतानाच आचारी ताट घेऊन आत आला आणि त्यानं अदबीनं वाक्य म्हटलं. मुलगी आ वासून बघत राहिली. पाठोपाठ मावशींनी दारातून तेच ऐकवलं.

"हे... हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सगळ्यांनी अभिमानानं फिजिओकडे बोट दाखवलं.

"मी तुमचाच माणूस," फिजिओ म्हणाला. "धीर द्यायला म्हणून."

"अहो, 'मान' म्हणजे माणूस खरा, पण 'मानन दीन' म्हणजे तुझा नवरा! तुम्ही सगळे हिला रोज सांगताय, मी तुझा नवरा आहे."

आचाऱ्याच्या हातातला चमचा खाली पडला. मावशी खराटा घेऊन पाय न वाजवता निघून गेल्या. फिजिओचे कान लाल झाले. "म्हणजे," तो कसाबसा म्हणाला, "आजी मला यजमान समजून उठल्या?"

मुलीनं आईला विचारलं. आजी बराच वेळ, अगदी शांतपणे बोलल्या. मुलगी आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"ती म्हणतेय, माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली, आणि तो दारातून वाकून यायचा इतका उंच होता. ते मला चांगलं आठवतं. पण हा भला मनुष्य एक दिवस आला आणि म्हणाला, मी तुझा नवरा. मी विचारलं, बाबा रे, घरी तुला सांभाळतं कोण? तर म्हणाला, आजोबा. एवढा पिकल्या केसांचा माणूस, त्याचे आजोबा कुठले असायला? मला त्याची फार दया आली. मग मीच उठले. जरा फिरवून आणलं की तो दिवसभर शांत असतो. पण आता बाकीच्यांनाही तेच झालंय. झाडणाऱ्या बाईलासुद्धा. एवढ्या सगळ्यांचं करायचं, तर मला पडून राहून कसं चालेल?"

फिजिओला फाइलमधलं स्वतःचं 'अजून गोंधळलेली' आठवलं. आजींकडे फाइल असती, तर त्यांनीही त्याच्याबद्दल रोज तेच लिहिलं असतं. फक्त प्रगतीच्या रकान्यात काय लिहिलं असतं, कोण जाणे.

"खरं काय ते सांगू का तिला?" मुलीनं विचारलं.

तेवढ्यात आजी कुणी न सांगता पलंगावरून उतरल्या. सपाता पायात सरकवल्या, फिजिओसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणतेय, घाबरू नकोस. आज आपण जिना उतरू. मी आहे बरोबर."

जिना फिजिओच्या हिशेबानं अजून पंधरा दिवस लांब होता. त्यानं आजींचा हात धरला आणि दाराबाहेर पडता पडता मुलीकडे वळून, आजींना दिसणार नाही अशा बेतानं, मानेनंच 'नको' म्हणून सांगितलं.