आउटरला उभी मरीया

आमच्या गार्डकाकांच्या घराच्या दाराला कडी नाही. मोडली असेल म्हणावे, तर तसेही नाही. त्यांनी ती स्वतःच्या हाताने काढून टाकली आहे आणि तिच्या जागी आता चार भोके तेवढी दिसतात. दार दिवसभर अर्धे उघडे असते आणि झोपताना नुसते लोटलेले. त्यामुळे शेजारची शेळी रोज एक चक्कर आत मारून जाते. माझ्या तर्कशास्त्राच्या वहीची पहिली काही पाने तिनेच खाल्ली. मी तक्रार केली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तिले वाटलं असन, वाचून पाहावं."

मी हिंगण्याकडच्या एका खेड्यातला, नागपुरात कॉलेजसाठी काकांच्या घरी राहतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना हात जरा कचरतो. शेळीच्या तडाख्यातून वाचलेल्या वह्या सांभाळण्यासाठी मी एकदा दाराला आतून सुतळी बांधली होती. काकांनी ती सोडली, गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवरून ते माझ्यावर रागावल्याचे मला आठवत नाही.

काका रेल्वेत गार्ड होते. सारी उमर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. बायको केव्हाच वारली होती आणि मी येईपर्यंत घरात ते एकटेच. नोकरी संपली, पण काळा कोट काही उतरला नाही. तो भर मे महिन्यातही अंगावर असतो. खिशात शिट्टी आणि दारामागे एक हिरवी, एक लाल झेंडी. चहाला उशीर झाला की म्हणतात, "सिग्नल पडला नाही वाटते." कोणाचे लग्न जुळले की, "चला, लाइन क्लियर भेटला." त्यांच्या मते जगातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गाडी आउटरला, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, थांबणे. स्टेशन समोर दिसते, फलाटावरची माणसे दिसतात, पण आत येण्याची परवानगी नाही. "पाहुण्याले आउटरले उभं ठेवत नसतात, गा," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा तरी म्हणतात. बहुतेक वेळा शेळीच्या बाजूने.

माझे वडील मला पाहायला आले, तेव्हा डोक्यावर तुरीचे पोते घेऊन रस्त्यावरच उभे राहिले. ख्रिस्ती माणसाच्या घरात गेलो तर गाव काय म्हणेल, ही त्यांची अडचण होती. काकांनी तीनदा आत बोलावले. मग आतून खाट आणली, सरळ रस्त्यात टाकली आणि वडिलांशेजारी बसले. टांगेवाले शिव्या देत बाजूने जात होते. वडिलांनी पाणीसुद्धा घेतले नाही, पण दुपारपर्यंत दोघे बैलांविषयी बोलत होते. जाताना वडील मला म्हणाले, "मानूस चांगला हाय गा. पन त्याच्या दाराले कडी काहून नाही?"

दर रविवारी उपासना संपली की काका चर्चच्या ओसरीत लहान मुलांचा वर्ग घेत. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पुस्तक वाचून दाखवायला मी जात असे. त्यामुळे ही गोष्ट मला कळली. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना हे लोक आगमनकाळ म्हणतात. त्यातला तिसरा आनंदाचा. त्यासाठी शुभवर्तमानातली गोष्ट होती. मरीया डोंगरी मुलखात आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला जाते. दोघींनाही दिवस गेलेले. अलीशिबा तर म्हातारी. मरीया दारातून सलाम करते आणि तो आवाज कानावर पडताच अलीशिबेच्या पोटातले बाळ आनंदाने उडी मारते. गोष्ट एवढीच आहे. मी ती पाच मिनिटांत वाचून दाखवली.

काकांना त्यासाठी दोन रविवार लागले, आणि तरी बाळाची उडी आलीच नाही. पहिला रविवार प्रवासात गेला. मरीया कोणत्या गाडीने निघाली, गाडी कुठे बदलली, घाट कुठे लागला, हे सगळे सांगून झाले. योना नावाच्या चार वर्षांच्या मुलाने विचारले, तिच्याजवळ तिकीट होते का. काका म्हणाले, "तिच्याजवळ पास होता. देवदूतानं देला होता." मुलांना ते पटले. बहुतेकांचे बाप रेल्वेतच होते.

दुसरा रविवार दारात गेला. अलीशिबेने आवाज ऐकून कसे उठायचे, हे काका एकेका मुलाकडून करून घेत होते. भाकरी तव्यावर असली तरी उठायचे. पाय दुखत असले तरी उठायचे. रागात असलो तरी उठायचे. मी भीत भीत म्हटले, "काका, आनंद तर बाळाच्या उडीत आहे ना?" ते म्हणाले, "बाळ मंग उडी मारते, बाबू. पहिले दार उघडा लागते."

चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर हे गेले. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी सभ्यपणेच सांगितले की तिसऱ्या रविवारी मुलांनी ही गोष्ट सगळ्या मंडळीपुढे करून दाखवावी. नीट झाली तर उत्तम. नाहीतर वर्ग शाळेतल्या बाईंकडे द्यावा, त्यांच्याकडे रंगीत चित्रे आहेत. काका "ठीक आहे" म्हणाले. घरी येऊन त्यांनी चहात मीठ घातले आणि तो चहा पिऊनही टाकला. त्या वर्गाशिवाय त्यांचा आठवडा कशाने भरला असता, मला माहीत नाही.

आठवडाभर तालीम आमच्याच दारात झाली. रूथ मरीया झाली, मार्था अलीशिबा. दोघी सात-आठ वर्षांच्या, आणि एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी. पोटातल्या बाळाचे काय करावे हा प्रश्न काकांनी आपल्या परीने सोडवला. मार्थाने घोंगडी पांघरायची, घोंगडीखाली योनाने बसायचे आणि सलाम ऐकला की उडी मारायची. योना इतका तयार झाला की रस्त्यावरून कोणी कोणाला सलाम केला तरी उडी मारू लागला.

तिसऱ्या रविवारी चर्च भरले होते. अलीशिबेचे घर म्हणून पाळकसाहेबांचे झगे ठेवण्याची बाजूची खोली ठरली होती. मार्था आणि योना आत गेले, दार लागले. रूथ निळी ओढणी घेऊन बाकांमधून चालत आली. मी पुस्तक घेऊन दाराशी उभा. काका पलीकडे, काखेत हिरवी झेंडी धरून.

रूथ म्हणाली, "अलीशिबामावशी, सलाम."

दार उघडले नाही. रूथने पुन्हा सलाम केला. आतून मार्थाचा आवाज आला, "मी नाही उघडत. रूथ मले म्हातारी म्हणते."

मागाहून कळले की येताना निळ्या ओढणीवरून दोघींचे भांडण झाले होते. एकीला ओढणी, आणि दुसरीला घोंगडी नि केसांत पीठ, यात न्याय नाही असे मार्थाचे म्हणणे होते. मंडळीत हसू पसरले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मार्थाची आई उठली. मी दार ढकलून पाहिले. आतून कडी होती.

मला वाटले, आता काका शिट्टी फुंकतील. पण ते दाराजवळ आले, मार्थाच्या आईला हातानेच थांबवले आणि दाराला कपाळ टेकवून इतके हळू बोलले की शेजारी उभ्या असलेल्या मलाच ऐकू आले.

"मार्था, माय, मी गार्डकाका. माही पोरगीबी आली होती माह्या दारात. बाबा, सलाम म्हणे. तीनदा म्हणे. मी आतच बसून होतो, कडी लावून. तिले आउटरले उभी ठेवली मी." त्यांनी हात दारावर ठेवला. "मंग ते चालली गेली. तू उघड वं."

मग कडी वाजली.

सगळ्यात आधी बाहेर आला योना. दोनदा सलाम झाला तरी मार्थाने त्याला घोंगडीखाली दाबून धरले असावे, कारण राहिलेल्या सगळ्या उड्या त्याने एकदम मारल्या. घोंगडी ओढत, उड्या मारत तो थेट शेवटच्या बाकापर्यंत गेला. मागून मार्था आली. रूथकडे बघून तिला हसू आले, आणि तिने रूथला अशी मिठी मारली की निळ्या ओढणीवर पीठच पीठ झाले. सगळी मंडळी हसत होती. पाळकसाहेबही हसत होते. वर्गाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काकांची झेंडी मात्र काखेतच राहिली.

बाकीचे मला मार्थाच्या आईकडून कळले. काकांना रिबेका नावाची एक मुलगी. तिने चर्चच्या मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न केले आणि काकांनी बोलणे टाकले. काही महिन्यांनी ती आली, तेव्हा तिला दिवस गेलेले होते. बराच वेळ दाराशी उभी राहून ती परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओट्यावर बसून कडी काढताना शेजाऱ्यांनी पाहिले. मुलगी आता बिलासपूरला असते. दर नाताळला तिचे कार्ड पाळकसाहेबांना येते. त्यांच्याकडे पत्ता होता, पण काकांनी तो कधी मागितला नव्हता.

त्या रविवारी सगळे पांगेपर्यंत काका चर्चच्या पायरीवर थांबले. मग आत जाऊन पत्ता घेऊन आले.

घरी आल्यावर त्यांनी माझी दौत-लेखणी मागितली आणि उघड्या दारात बसून दुपारभर लिहीत राहिले. उन्हे कलल्यावर कागद माझ्याकडे दिला. "कॉलेजवाला आहेस. चुका पाहून दे."

मला वाटले होते, लांबलचक पत्र असेल. वर "चि. रिबेका, सलाम" एवढेच होते. खाली, गार्डाच्या त्या ठसठशीत अक्षरात, बिलासपूरकडून नागपूरला येणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा, एकाखाली एक. पहाटेची पॅसेंजर, दुपारची मेल, सगळ्या. प्रत्येक वेळेपुढे लिहिले होते, "मी फलाटावर आहे." आणि सगळ्यात शेवटी, "गाडी लेट असली तरी आहे."

मी दोनदा वाचले. चूक सापडली नाही. पाकीट चिकटवून टपालपेटीकडे निघालो आणि सवयीने दार मागे ओढून घेतले. काकांनी आतून ते पुन्हा अर्धे उघडले.