भाऊबीजेसाठी मऊ गाडी

"पाडव्याला मला ओवाळशील ना, तवा ताटात साडी नाय घालनार. अख्खी गाडी घालनार! पाळन्यात बसल्यावानी झुलत भाऊबीजंला कोंडाण्याला जाशील, बगच तू!"

वसुबारसेच्या सकाळी चांगोने ही घोषणा केली, तेव्हा सोनुबाई चकल्या पाडत होती. तिचा सोऱ्यावरचा हात काही थांबला नाही. "बरं," एवढंच म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात या एका "बरं"वर तिने चांगोच्या कितीतरी घोषणा निभावून नेल्या होत्या.

गाडी म्हणजे चांगोचा जुना पिकअप. चारही चाकांना जोर असलेला, ओढा म्हणू नका, दगड म्हणू नका, चिखल म्हणू नका, सगळ्यातून वाट काढणारा. डोंगराखालच्या खाचरातलं भात आणि पेंढ्याचे भारे आणायला तालुक्यात अशी दुसरी गाडी नव्हती. भरलेली असली की ती गुणाची. रिकामी असली की मात्र अशी आपटायची की आत बसलेल्याची हाडं मोजून घ्यावीत! मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या कमानी होत्या, त्यांना आपल्याकडे पाटे म्हणतात. चांगोच्या मते साऱ्या दुःखाचं मूळ ते पाटेच होते.

कारण सोनुबाईचं माहेर कोंडाण्याला, आणि गेल्या दोन भाऊबीजांना ती माहेरी गेलीच नव्हती. "कंबर साथ देत नाय वो, त्या गाडीत बसवत नाय," म्हणायची. मग संध्याकाळी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही, तिने चंद्राला ओवाळावं, हे ठीक. पण हिचा भाऊ पदू धडधाकट होता! सोनुबाई आभाळाकडे निरांजन धरायची तेव्हा चांगो मान वळवून घरात निघून जायचा. माणूस तोंडाने मोठा असला तरी बायकोवर जीव टाकणारा होता.

गणपतीच्या दिवसांत मुंबईच्या काही हौशी लोकांची जीप ओढ्यात रुतली होती. चांगोने ती ओढून काढली. त्यांनी खुशीने त्याला एक चक्कर मारून आणलं, तर काय, दगडांवरून जाताना पोटातलं पाणी हललं नाही! "कॉइल स्प्रिंग आहेत, काका," ते म्हणाले. चांगोने वाकून पाहिलं. पाटेबिटे काही नाहीत, नुसती जाडजूड गोल स्प्रिंग. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. खोपोलीकडच्या एका भंगारवाल्याकडून त्याने कुठल्याशा मोठ्या गाडीच्या दोन स्प्रिंगा गोणत्यात बांधून आणल्या.

मदतीला नागू होता. नागू गावचा वेल्डर, फार्महाऊसची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा. नरक चतुर्दशीला उटणं लावून आंघोळ झाली, आणि अंगाचा सुवास जायच्या आत दोघं गाडीखाली शिरले. जॅक लावून मागचा भाग उचलला, खाली लाकडाचे ओंडके रचले. गंजलेले बोल्ट सोडवता सोडवता दुपार झाली. संध्याकाळपर्यंत पाटे अंगणात येऊन पडले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी स्प्रिंगा बसवायला लोखंडी वाट्या वेल्ड करताना नागूने डोळ्यांवरची काच वर केली.

"चांगोकाका, एक ईचारू? स्प्रिंग वजन उचलंल, पन दोनी चाकांना जोडनारा आख जाग्यावर धरील कोन? आदी तो पाट्यांना बांदलेला व्हता."

"वरनं एवडं वजन बसल्यावर आख जाईल कुटं? भाताच्या भाऱ्यांची उडवी रचून वर दगड ठेवला की उडवी उडते का?"

"उडवी नाय उडत, पन उडवीला चाकं नसतात, काका."

"तू जाळ्या कर रं!"

"मी काय म्हंतो, पदूमामांना एक फोन लावा. त्यांचा जलम ट्रकच्या गॅरेजात गेला."

चांगोचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. पदूशी त्याचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. पदूच्या मुलीच्या लग्नात माइकवरून मानकऱ्यांची नावं पुकारली, टॉवेल-टोप्या दिल्या, आणि चांगोचं नाव आलं पाचवं! ते चालवून घेतलं असतं एकवेळ. पण पहिलं नाव होतं मंडपवाल्याचं! सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि मंडपवाल्याच्या मागून? तेव्हापासून पदू या घरी येत नव्हता, कारण ज्या घरचा मालक बोलत नाही तिथे जायचं कसं? आणि चांगोने त्या दारात पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्या लग्नानंतरच्या भाऊबीजेला तो सोनुबाईला घेऊन गेला खरा, पण तिला उतरवून स्वतः गाडीतच बसून राहिला, चांगला चार तास.

"फोनबिन काय नाय," चांगो म्हणाला. "चालव वेल्डिंग."

पाडवा उजाडला. स्प्रिंगा बसल्या, जॅक आणि ओंडके निघाले, पण स्प्रिंगा इतक्या उंच की गाडी देवाच्या पायरीवर डोकं टेकल्यासारखी पुढे वाकली. चांगो डगमगला नाही. "रिकामी हाय म्हनून. भार पडला की बसंल!" त्याने नव्या भाताची पोती मागे चढवली. दहा चढवली, पंधरा चढवली. गाडी अजून वाकलेलीच. मग त्याने आळीला हाक दिली. "या रं, बसा समदे!" सणाचा दिवस, लोक रिकामेच होते. सात-आठ जण पोत्यांवर चढून बसले. ऐंशी वर्षांच्या चिंधीआजीने हट्ट धरला, म्हणून तिलाही उचलून मधोमध बसवलं.

स्प्रिंगांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि गाडी सरळ उभी राहिली. नुसती उभी नाही, डुलायलाही लागली!

"अगं बाय, पाळनाच हाय गं!" चिंधीआजी ओरडली. टाळ्या पडल्या. दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी असलेली सोनुबाईसुद्धा हसली. ते हसू पाहून चांगोला आभाळ ठेंगणं झालं. तो केबिनमध्ये चढला, इंजिन चालू केलं, आणि अंगणात गाडी वळवून घ्यायला दाराच्या बाजूला रिव्हर्स टाकला.

मागची चाकं मागे गेली. गाडी तिथेच राहिली.

धाडकन मागचा भाग जमिनीवर बसला! पोती फुटली, भाताचा लोंढा वाहिला, त्याबरोबर आळीची माणसं एकामागून एक अंगणात उतरली. एक स्प्रिंग निसटली आणि रांगोळीवरून तीन उड्या मारत कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली. कोंबड्या कौलांवर जाऊन बसल्या. चिंधीआजी भाताच्या राशीवर अलगद येऊन टेकली होती. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "आनी एकदा करा रं!"

आणि ती दोन चाकं, आखासकट, घरंगळत घरंगळत थेट सोनुबाईसमोर येऊन थांबली. तिने हातातलं ताट सांभाळत चाकांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अख्खी गाडी घालनार व्हता न्हवं? ही तर निम्मीच आली."

लोक हसून हसून घरी गेले. कोणाला लागलं नव्हतं, एवढं नशीब. चांगो मात्र काढून टाकलेल्या पाट्यांवर बसून राहिला. जेवायलाही उठला नाही. शेवटी सोनुबाई चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"च्या घ्या. गाडीचं काय येवडं मनाला लावून घेता?"

"गाडी गेली खड्ड्यात!" चांगो म्हणाला. "तू चंद्राला ओवाळतेस ते मला बगवत नाय गं, सोने. तुजी कंबर दुकू नये, तू भावाकडं जावंस, येवडंच मनात व्हतं."

सोनुबाईने कप त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "कंबर काय, दुकते कवातरी. पन मी त्यापाई नाय म्हनत नव्हते."

"मग?"

"त्या साली मी आत पदूला ओवाळत व्हते नि तुमी भाईर उन्हात गाडीत बसलेले. वयनीनं तुमचं ताट झाकून ठेवलं व्हतं. पदू सारका दाराकडं बगायचा. घास उतरंना वो घशाखाली. इकडं बगू का तिकडं? त्यापरीस चंद्र बरा. तो कोनाव रुसत नाय नि त्याच्याव कोनी रुसत नाय."

चांगोने चहाचा कप हातात धरला तो तसाच. इतके दिवस तो लोखंडावर दोष ठेवत होता. एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की आपटत होता तो आपणच. मग त्याने गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

भाऊबीजेला त्याने रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने त्यांना पदूच्या अंगणात उतरवलं आणि दुसरं भाडं होतं म्हणून लगेच तो पसारही झाला. सोनुबाई पायरी चढून आत गेली. चांगो सवयीने मागे वळला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बसायला गाडीच नाही! रुसून बसायचं तर बूड तरी कुठे टेकायचं? भर उन्हात, अंगणाच्या मधोमध, पाहुण्यासारखा नाही आणि भांडखोरासारखाही नाही, असा तो उभा राहिला.

पदू दारात आला.

"दाजी," तो तीन वर्षांनी म्हणाला, "गाडी कुटं?"

"बसलीय."

"कुटं?"

"बुडावर."

पदूमधला मेस्त्री जागा झाला. "पाटे काडले का काय? मग आखाला धरायला काय ठेवलं?"

"वजन," चांगो म्हणाला.

पदूने दाराची चौकट धरली आणि असा हसला की आतून बायका धावत आल्या. चांगोने रागवायचा प्रयत्न केला, पण त्यालाही हसू फुटलं.

"मला एक फोन करायचा, दाजी!"

"मंडपवाल्याला करनार व्हतो. मानकरी मोटा!"

पदूने कपाळावर हात मारला. "अवो, ती यादी मंडपवाल्यानंच वाचली! माइक त्याचाच व्हता!"

तीन वर्षं! एका माइकपायी! चांगो पायरी चढला, आणि पदूच्या बायकोने पुढे केलेलं पाणी त्याने तांब्याभर प्यायलं.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. चांगोने पदूच्या शेजारी बसून चार पुरणपोळ्या खाल्ल्या. हात पुसत पदू म्हणाला, "दाजी, उद्याच येतो. पाटे परत चडवू, दोन तासाचं काम."

चांगोचा चेहरा उजळला. तो हात धुवायला उठला, तशी सोनुबाई भावाच्या कानाशी वाकली.

"घाई करू नको रं, पदू. पुडच्या भाऊबीजंपत्तोर गाडी ऱ्हाऊ दे तशीच."