ओव्हरसियरची सपरी

कापगते ओव्हरसियर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टिचकी मारत, तिचा आवाज ऐकत आणि मग घरच्या माणसाला नमस्कार करत.

सिहोऱ्याबाहेर तलावाच्या काठी सत्तरच्या दशकात आम्ही काही रिटायर झालेल्यांनी मिळून वसाहत केली. गावकरी तिला 'पेन्शनर टोली' म्हणत. नकाशा कापगत्यांचा. मधोमध विहीर, भोवती गोलात घरं आणि सगळ्यांची दारं विहिरीकडे, म्हणजे म्हाताऱ्यांना एकमेकांची खबर राहावी. घरं मात्र हुबेहूब सारखी. "जास्तीचं काही कराल तं नकाशा बिघडते," असं ते बजावत. त्यांची बायको हा नकाशा कागदावर असतानाच वारली होती.

नकाशा पहिल्यांदा बिघडवला तो कापगत्यांच्या समोरच्या लांजेवार गुरुजींनी. या मास्तरांनी आपली सपरी, म्हणजे पुढची ओसरी, वाढवली आणि तिला सागाचे खांब लावले. संध्याकाळी सगळी टोली तिथे चहाला जमू लागली. कापगत्यांचा जळफळाट झाला. त्यांनी लगेच त्याहून मोठी सपरी बांधली, चकचकीत फरशीची. गुरुजींनी छपराच्या कवेलूंखाली नक्षीची पट्टी लावली, तर यांनी चक्क मनोरा उभारला. मग बाकीच्यांनाही चेव आला. कुणाकडे कमान, कुणाकडे रंगीत काचा. पुढे तुमसरहून लोक टोली बघायला येत, तेव्हा कापगते प्रत्येकाला मनोऱ्याखाली उभं करून विचारत, "गुरुजीच्या घरी हे आहे का?"

बसायला मात्र माणसं गुरुजींकडेच जात. कापगत्यांच्या फरशीवर चढायचं तर आधी पाय धुवावे लागत. ते एकटेच रेडिओ लावून समोरच्या हशाकडे बघत राहत. मी शेजारी, एकदा तिकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "काहून येऊ? त्यायची सपरी वाकडी आहे."

मग गुरुजींना अर्धांगवायू झाला. चाकांची खुर्ची आली. बोलणं जड झालं, तशी बैठकही हळूहळू मोडली. आता तरी कापगत्यांचा जीव थंड झाला असेल, असं आम्हाला वाटलं.

एका सकाळी ठोकाठोकी ऐकून बाहेर आलो. कापगते आपल्याच सपरीच्या घडीव पायऱ्या फोडत होते. त्या जागी त्यांनी उतार केला. सिमेंट सुकल्यावर समोर गेले आणि गुरुजींची खुर्ची स्वतः ढकलत घेऊन आले. मला चहा मांडायला सांगितला.

"आता... कोनी येत नाही," गुरुजी अडखळत म्हणाले.

"नाही येत तं नाही," कापगते म्हणाले. "इतकं सारं बांधलं ते तुमाले दिसावं म्हनून, गुरुजी. पन 'या' म्हनाले जीभ रेटली नाही."

गुरुजींनी चालता हात लांबवला आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं.