चार बोटांचं पातं

देवरेताई घरातून निघताना मोबाइल विसरतात, चष्मा विसरतात, एकदा तर गॅसवर दूध ठेवून द्वारका चौकापर्यंत जाऊन आल्या. चाकू मात्र कधी विसरल्या नाहीत. लाकडी मुठीचा, घडीचा, चार बोटांच्या पात्याचा. रोपवाटिकेत तीस वर्षं त्यांनी कलमं बांधली ती याच चाकूनं. निवृत्तीला मिळालेली शाल कुठं गेली, हे त्यांना आठवत नाही. चाकू पर्समध्ये उजव्या कप्प्यात असतो, हे आमच्या सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

त्या माझ्या समोरच्या दारात एकट्या राहतात. कुरिअरचं खोकं आलं की आमच्याकडे कुणी कात्री शोधत नाही, ताईंची बेल दाबतं. माझ्या मुलीच्या पेन्सिलींना त्या अशी टोकं काढतात, की वर्गात बाईंनी शार्पनर कुठून घेतलं ते विचारलं. सगळं दारात उभ्यानंच. काम झालं की पातं पदराला पुसायचं, टक्कन मिटायचं आणि आल्या पावली परत. "बसा ना" म्हटलं तर "बसायला कुणाला वेळ शे?" एरवी त्या आपल्यासारखंच बोलतात, जरा तापल्या की सटाण्याची अहिराणी वर येते.

मध्यंतरी शहरात कोयते नाचवणारी पोरं फार झाली. पोलिसांचा आदेश निघाला, महिनाभर कुणी धारदार वस्तू जवळ बाळगायची नाही. झालं, इमारतीच्या ग्रुपवर चर्चा पेटली. दुसऱ्या मजल्यावरच्या पाठकसाहेबांनी लिहिलं, 'कायदा म्हणजे कायदा. आपल्या इमारतीतही काही लोक शस्त्र घेऊन फिरतात.' आदल्याच दिवशी त्यांच्या मिक्सरचं खोकं ताईंनी फोडून दिलं होतं. त्या मेसेजला अकरा अंगठे आले. त्यातला एक माझा होता. भांडण नको म्हणून दिला.

ताईंनी उत्तरात एकच ओळ टाकली : 'आधी पातं केवढं ते बघा.'

पुढं पोलिसांनी जवळच्या मंगल कार्यालयात नागरिकांची बैठक बोलावली. कोयत्यांवर तासभर भाषणं झाली. मग ताई उठल्या.

"साहेब, कोयता बंद करा, मी टाळ्या वाजवते. पण कलमाचा चाकू, भाजीवाल्याची सुरी आणि गुंडाचा कोयता एकाच ओळीत कसे?"

इन्स्पेक्टर तरुण होते, सभ्य होते. म्हणाले, "ताई, चाकू खिशात असला की राग आल्यावर हात तिकडेच जातो."

"तीस वर्षांत मला राग आला नसेल का? साहेबलोक होते माझे पण!"

सभागृह हसलं. साहेबही हसले. "पण आहे केवढा तुमचा चाकू?"

ताईंनी पर्स उघडली आणि भर बैठकीत, सहा पोलिसांच्या देखत, टक्कन पातं उघडून दाखवलं.

सभागृहाचं हसू थांबलं. साहेबांची पंचाईत झाली. एवढ्या लोकांसमोर आदेश मोडलेला. सोडावं तर उद्या कोयतेवाले हाच दाखला देणार. "गुन्हा नोंदवत नाही. पण मुदत संपेपर्यंत चाकू जमा करा."

हवालदारानं पावती करायला घेतली. 'एक चाकू, जुना.'

"जुना काय? 'धार उत्तम' लिहा."

त्यानं लिहिलं. मग साक्षीदार म्हणून दोन सह्या हव्या होत्या. एक पाठकसाहेबांनी केली. दुसरी मी. ताई माझ्याकडे बघतही नव्हत्या. मुठीवरून अंगठा फिरवत होत्या.

त्यानंतर त्यांची बेल वाजेनाशी झाली. लोकांनी कात्र्या आणल्या. ताई जिन्यात भेटल्या तर मान हलवून जायच्या.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, आमचीच बेल वाजली. दारात ताई, दोन्ही हातांत भलीमोठी पपई.

"भाऊ, सुरी आहे का?"

"ताई, तुमच्या स्वयंपाकघरात नाही?" मी विचारलं. खरंच कळलं नव्हतं मला.

"तीन शेतस," त्या म्हणाल्या. मग पपईकडे बघत, हळू आवाजात, "पण घरात कापली का अर्धी कोणाले देऊ?"

बायकोनं सुरी आणून दिली. ताईंनी धारेवर अंगठा फिरवला, "यानं लोणी तरी कापलं जातं का हो?" म्हणाल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा आमचा उंबरा ओलांडून आत आल्या. खुर्ची ओढून बसल्या. पहिली फोड त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

पपई बरीच मोठी होती. आम्ही कुणीच घाई केली नाही.